घासलेल्या दाढेचं माप

कॉलेज रोडवरच्या त्या दवाखान्यात आकडा एकदाच लिहिला जायचा. दाढेच्या मुळाची लांबी पहिल्या दिवशी मोजायची, केसपेपरवर टाकायची आणि रूट कॅनाल संपेपर्यंत पुन्हा तिच्या वाटेला जायचं नाही, असा हर्षल सरांचा शिरस्ता होता. दवाखाना सरांचा, खुर्च्या सरांच्या, भिंतीवरची प्रमाणपत्रंही सरांची. तेव्हा शिरस्ता दुसऱ्या कुणाचा कशाला असेल? तीन वर्षं तिथे नोकरी करणारी डॉक्टर रोहिणी सुरुवातीला हे मुकाट्याने ऐकून घ्यायची. नंतर मनात चरफडत ऐकायला लागली.

आकडा लिहिला की पुढचं काम कुसाबाईंचं. दिंडोरीकडच्या या बाई अठरा वर्षं तिथे मदतनीस होत्या. पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच त्या केसपेपर उघडून आकडा वाचायच्या. मुळातली नळी साफ करायच्या बारीक फायली काढायच्या आणि प्रत्येक फाइलवरचा रबरी स्टॉपर स्टीलच्या पट्टीला लावून नेमका त्या आकड्यावर आणून ठेवायच्या. फाइल आत जाते, स्टॉपर दाढेच्या टोकाला टेकतो आणि हात थांबतो, की समजायचं, मूळ संपलं. कुसाबाईंची शाळा चौथीत सुटली होती, पण त्यांनी लावलेला स्टॉपर अर्ध्या मिलिमीटरने हललेला कोणी दाखवून द्यावा! याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कमावलेला होता.

त्या मंगळवारी सकाळी अकराला मल्हारी आला. पन्नाशीचा, पंचवटीतल्या एका ब्रास बँडमध्ये तीस वर्षं ट्रम्पेट वाजवणारा माणूस. डावीकडची खालची दुसरी दाढ किडली होती आणि तिचं रूट कॅनाल आज पुरं व्हायचं होतं. त्याच्या सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं ट्रम्पेटचं पितळी तोंड कायम असे. पहिल्या दिवशीच त्याने ते रोहिणीला काढून दाखवलं होतं.

"म्याडम, हात मोडला तरी चालंल," तो तेव्हा म्हणाला होता, "पण ओठ शाबूत ठेवा. माझं घर या ओठावर चालतं."

आज तिने इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत त्याने गाल चाचपला. "डावा ओठ गेला की माझा. परवा दिंडोरीला वरात हाय."

"जाऊ दे. तीन तासांत परत येईल. माझा शब्द."

असा शब्द रोहिणी दिवसातून दहा वेळा द्यायची. तोंडावर निळं रबर ताणून तिने दाढ तेवढी मोकळी ठेवली, वरचं तात्पुरतं सिमेंट काढलं आणि हात पुढे केला. कुसाबाईंनी फाइल तिच्या बोटांत ठेवली. स्टॉपर एकवीसवर.

फाइल दाढेपाशी नेली आणि रोहिणीचा हात थांबला. दाढेचं बाहेरचं पुढचं टोक जागेवर नव्हतं.

ते टोक तिच्या चांगलं लक्षात होतं. ते डोंगरासारखं टोकदार होतं आणि तिथूनच तिने पहिल्या दिवशी लांबी मोजली होती. आता तिथे सपाट, चकचकीत पठार होतं आणि त्यावर बारीक ओरखडे होते. कुणीतरी मशीनने दाढ वरून घासली होती.

केसपेपरवर पहिल्या दिवशीची ओळ तिच्याच अक्षरात होती: 'लांबी २१, बाहेरच्या पुढच्या टोकापासून.' टोकाचं नाव लिहायची सवय तिला वडिलांनी लावली. तिचे वडील झुंबर ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते आणि रिटायर झाल्यावरही घरातली प्रत्येक वस्तू मोजत बसायचे. "नुसता आकडा काय लिहितेस?" ते तिच्या वह्यांवर डाफरायचे. "कुठून मोजलं ते लिही. नाशिक दोनशे किलोमीटर म्हणे! कुठून दोनशे?" तेव्हा तिला त्यांचा वैताग यायचा.

त्या ओळीखाली मागच्या बुधवारची ओळ होती. त्या दिवशी रोहिणी रजेवर होती. ओळ सरांच्या अक्षरात होती आणि दोनच शब्दांची होती: 'औषध बदलले.'

"मल्हारीदादा," रोहिणी वाकून म्हणाली, "बुधवारी सरांनी दाढ वरून घासली का?"

रबराखाली त्याला बोलता येत नव्हतं. त्याने मान हलवली, दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली आणि मग दाताखाली चावल्यासारखं करून कळवळल्याचा आव आणला. चावताना दुखत होतं, म्हणून घासली. रोहिणीला सगळं समजलं. तिने कुसाबाईंकडे पाहिलं. बुधवारी त्याच तर सरांच्या शेजारी उभ्या होत्या! कुसाबाईंनी नजर ट्रेमधल्या फायलींकडे वळवली.

दुखऱ्या दाढेची टोकं घासतात. त्यात काही गैर नाही, पुस्तकातही तेच सांगितलंय. पण ज्या टोकावरून मोजलं तेच दोन मिलिमीटर खाली गेलं, तर एकवीसचा स्टॉपर टेकेपर्यंत फाइल मुळाच्या बाहेर पडणार. आणि या दाढेच्या बाहेर काय होतं ते रोहिणीने पहिल्या एक्सरेतच पाहिलं होतं. मुळाच्या टोकाखाली जेमतेम दीड मिलिमीटरवर नसेची वाट होती. जबड्यातून पुढे जाऊन खालच्या ओठाला जाग देणारी ती नस. तिच्यात फाइल घुसली, वर औषध आणि गुलाबी भरणही ढकललं गेलं, तर तो ओठ तीन तासांत परत येत नाही. तीन महिन्यांतही येईलच असं नाही.

रोहिणीला असा संताप आला की फाइल धरलेली बोटं तिने मुद्दाम सैल केली.

"कुसाबाई, लांबी मोजायचं मशीन द्या."

"मशीन नाय, म्याडम. सरांनी सकाळीच ओझरच्या ब्रँचला धाडलं."

"मग एक्सरेचा सेन्सर आणा."

कुसाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या घाबरल्या होत्या आणि त्यालाही कारण होतं. काम चालू असताना एक्सरे काढायचा नाही, हा सरांचा दुसरा शिरस्ता. एक आधी, एक नंतर. मध्येच एक्सरे काढला तर डॉक्टरला काम येत नाही असं पेशंटला वाटतं, असं सरांचं म्हणणं होतं. पेशंटला काय वाटतं ते सरांनी पेशंटला कधी विचारलं नव्हतं, पण त्यांना ते ठाऊक असायचं.

तेवढ्यात सरच आत आले. बाहेर माणसं खोळंबली की ते असे फेऱ्या मारायचे.

"अजून भरलं नाहीस? वीस मिनिटांचं काम हे."

"सर, बुधवारी टोक घासलंय. माप बदललं. मला पुन्हा मोजायचंय."

"एकवीस लिहिलंय ना? तुझंच अक्षर आहे. स्वतःच्या आकड्यावर विश्वास नाही तुझा?"

"आकडा माझाच आहे, सर. पण ज्या टोकावरून मोजला ते टोक आता नाही."

सर हसले. असं हसायची त्यांची खास तऱ्हा होती. समोरचा माणूस आपोआप लहान व्हायचा. "अगं, बावीस वर्षं मी हे करतोय. मूळ संपलं की हाताला कळतं. तुझ्या हाताला कळत नसेल तर सरक, मी करतो."

त्यांनी ग्लोव्हजच्या डब्याकडे हात नेला. फाइल अजून रोहिणीच्या बोटांत होती, एकवीसवर. आता सरकलं तर संपलं. सर बसतील, स्टॉपर टेकेपर्यंत फाइल घालतील आणि परवा दिंडोरीच्या वरातीत हा माणूस फुंकर मारील तेव्हा डाव्या बाजूने नुसती हवा सुटेल. मग म्हणतील, नशीब त्याचं. हे सगळं तिला लख्ख दिसलं.

ती स्टुलावरून उठली नाही.

"नाही, सर."

"काय नाही?"

"मी सरकणार नाही. पेशंट माझा आहे, माप माझं आहे आणि ते चुकीचं ठरलंय. मोजल्याशिवाय यात फाइल जाणार नाही. माझी नाही आणि तुमचीही नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र त्यांनी खाली आणला, कारण दार उघडं होतं.

"कॉलेज रोडवर तुझ्यासारखीला खुर्ची कोण देतं, विचार जाऊन बाहेर."

'तुझ्यासारखी' या शब्दात काय काय भरलेलं होतं ते रोहिणीला समजावून सांगायची गरज नव्हती. नाशिक रोडच्या त्यांच्या बुद्धविहारामागच्या कॉलनीतली ती पहिली दातांची डॉक्टर होती. तो शब्द तिने कॉलेजात ऐकला होता, हॉस्टेलवर ऐकला होता आणि दर वेळी गिळला होता. आज तो घशाखाली गेला नाही.

"माझ्यासारखीला मोजता येतं, सर," ती म्हणाली. "म्हणून देतात."

मग सर पेशंटकडे वळले, अगदी गोड होऊन. "काय दादा, उगाच किती वेळ तोंड उघडं ठेवायचं, नाही का? उरकून टाकू?"

मल्हारीला बोलता येत नव्हतं, पण कान उघडे होते आणि गेल्या पाच मिनिटांतला एकही शब्द त्याने सोडला नव्हता. त्याने उजवा हात वर केला, सरांच्या नाकासमोर बोट धरून ठामपणे आडवं हलवलं आणि मग तेच बोट भिंतीवरच्या एक्सरे मशीनकडे रोखलं. बँडमध्ये तीस वर्षं त्याने बोटाच्या इशाऱ्यावर पंधरा माणसं चालवली होती, तो इशारा कोणालाही समजला असता. सर बाहेर गेले आणि जाताना दार आपटून गेले.

सेन्सर कुसाबाईंनी आणून दिला. रोहिणीने अठरावर स्टॉपर लावला, म्हणजे कुठेही धोका नाही अशी लांबी. फाइल आत ठेवली आणि एक्सरे काढला. पडद्यावर चित्र उमटलं. फाइलचं टोक जिथे थांबायला हवं होतं त्याच्या बरोबर एक मिलिमीटर अलीकडे थांबलं होतं. अठरा आणि एक, एकोणीस. एकवीसची फाइल नसेच्या वाटेत उतरली असती. रोहिणीने ते चित्र वळवून मल्हारीलाही दाखवलं, मुळाचं टोक आणि त्याखालची नसेची रेघ. त्याने डोळे मिटले आणि खिशावर हात ठेवला.

बाकीच्या नळ्याही तिने तशाच मोजल्या. स्टॉपर स्वतः लावले. पाऊण तासाने काम पुरं झालं, शेवटच्या एक्सरेत भरणाची पांढरी रेघ मुळाच्या आत नेमकी थांबलेली होती. तिने केसपेपर ओढला आणि लिहिलं: 'बुधवारी दाढेची टोकं अंदाजे दोन मिमी घासली होती. जुनी लांबी रद्द. आज पुन्हा मोजून १९.' खाली सही केली.

सर परत आले ते तडक केसपेपरवरच. त्यांनी ओळ वाचली.

"ही खोड."

"का?"

"का म्हणजे? हे वाचून माझी चूक झाली असं दिसतं."

"घासणं चूक नव्हतं, सर. न लिहिणं चूक होतं आणि न मोजणं त्याहून मोठी. मी खोडणार नाही."

"मग ॲप्रन काढ. उद्यापासून यायचं नाही. उद्यापासून कशाला, आत्तापासूनच."

तिने ॲप्रन काढला, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. घरी वडिलांना काय सांगायचं हा विचार मनात आला आणि तिने तो बाजूला सारला. बाहेर आली. वेटिंग रूममध्ये मल्हारी गालावर हात धरून बसला होता. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. दारापर्यंत गेलेली रोहिणी मागे वळली आणि त्या खुर्चीत बसली.

"घरी नाय जायचं, म्याडम?" मल्हारीने वाकड्या ओठाने विचारलं.

"तुमचा ओठ आला की जाईन. शब्द दिलाय."

आपण सगळं बरोबर केलं हे तिला माहीत होतं, एक्सरे साक्षीला होता. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. इंजेक्शनचा बधिरपणा आणि नसेचा बधिरपणा बाहेरून सारखेच दिसतात, आणि बुधवारी, ती नसताना, त्या दाढेत आणखी काय काय झालं होतं ते तिला कुठे माहीत होतं? ओठ जागा झाला की कळणार होतं. त्याआधी दवाखान्यातून पाय निघणं शक्य नव्हतं.

साडेबाराला सर बाहेर डोकावले. "तू अजून इथेच?"

"पेशंटचा ओठ जागा व्हायचाय."

"ते त्यांना घरी कळेल!"

"मी बी इथंच बसतो, सायेब," मल्हारी म्हणाला. "घरी ट्रम्पेट फुंकताना सुटलेली हवा मला एकट्याला कळंल. इथं सगळ्यांना कळू द्या."

आणि मग त्याने जे केलं त्याला सरांकडे इलाज नव्हता. त्याने बोलायला सुरुवात केली. अर्धा ओठ मेलेला, हनुवटीवर लाळ, पण वरातीपुढे चालणाऱ्या माणसाचा आवाज तो! टोक कसं घासलं, आकडा जुना कसा राहिला, फाइल कुठे जाणार होती, म्याडम कशी उठली नाही, सगळं त्याने खुर्च्यांवरच्या सात माणसांना सांगितलं. नवीन माणूस आला की पहिल्यापासून सांगितलं. समोर आडगावच्या वत्सलाबाई बसल्या होत्या, त्यांचंही रूट कॅनाल अर्ध्यावर होतं. त्या ऐकता ऐकता गालाला हात लावून बसल्या. सर त्यांना बोलवायला आले तेव्हा त्या उठल्याच नाहीत.

"डॉक्टर, माझीबी मागल्या खेपेला वरून घासली होती. पुन्हा मोजणार ना?"

"तुमचं सगळं व्यवस्थित आहे, बाई."

"आसंल. पण मोजणार ना?"

सर घड्याळाकडे पाहत आत गेले. वत्सलाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि आणखी नीट टेकून बसल्या.

एक वाजला, दीड वाजला. मल्हारी दर पाच मिनिटांनी ओठाला चिमटा काढत होता. पाणी प्यायला गेला तर अर्धं सदऱ्यावर सांडलं. रोहिणीने दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहायचं टाळलं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्याने परत चिमटा काढला आणि "आई गं!" म्हणून ओरडला.

"काय झालं?"

"लागलं!" त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "म्याडम, लागलं! मुंग्या येताहेत."

त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून ते पितळी तोंड काढलं, ओठांना लावलं. पहिली फुंकर फुसकी गेली. रोहिणीने श्वास धरला. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा लावलं, ओठ ताणले आणि या खेपेला त्या बोटभर पितळेतून असा खणखणीत सूर निघाला की रिसेप्शनवरचा फोन वाजतोय ते कुणाला ऐकू आलं नाही. त्याने तो सूर धरून ठेवला, केबिनच्या बंद दाराकडे तोंड करून, दम संपेपर्यंत. वत्सलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. रोहिणी रडली, आणि तिने डोळे पुसले नाहीत.

तिचं काम झालं होतं. ती पर्स घेऊन उठली. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि कुसाबाई बाहेर आल्या. एका हातात ट्रे, ट्रेमध्ये वत्सलाबाईंसाठी काढलेल्या फायली. सगळ्या फायलींचे स्टॉपर वर मुठीपाशी तसेच होते. एकही आकड्यावर आणलेला नव्हता.

"मोजल्याबिगर मी आता स्टॉपर लावनार नाय," त्या म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांसमोर. "सरांना सांगितलं तसं. लय वर्षं लावले मुकाट्यानं. बुधवारी घासली तवा मी हुते, आन् आज मीच एकवीस लावला. ठाऊक असून लावला, म्याडम." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पदराआडून घडी केलेला कागद काढला. "सर हा फाडायला निघाले हुते. मी उचलला."

तो मल्हारीचा केसपेपर होता. रोहिणीने उघडला. तिची ओळ जशीच्या तशी होती, खाली तिची सही. आणि सहीच्या खाली, चौथीत सुटलेल्या शाळेच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, पेन दाबून दाबून लिहिलेली आणखी एक ओळ होती.

'बुधवारी दाढ घासली तवा मी उभी होते. खरं हाय. कुसाबाई.'

केबिनच्या दारात सर उभे होते. त्यांनी कागद पाहिला, खुर्च्यांवरची माणसं पाहिली आणि ते दारातून बाजूला सरकले.

रोहिणीने पर्स खुर्चीवर ठेवली. "वत्सलाबाई," ती म्हणाली, "चला आत. आधी एक्सरे काढू." सरांच्या अंगावरून ती पुढे गेली आणि आतल्या खुर्चीच्या पाठीवरचा ॲप्रन उचलून तिने अंगात घातला.